मंडळी म्हणजे आपणच



आज मी चर्चबद्दल बोलणार आहे. पण चर्चला न जाणाऱ्या मैत्रिणींनो, लगेच रेडिओचा कान पिळू नका. आपल्या गटांत सगळ्या जातीधर्माच्या बायका एका सतरंजीवर बसतात. तिथं मी कधी धर्म सांगत बसत नाही, आणि आजही सांगणार नाही. आपण ज्या ठिकाणी श्रद्धेनं जातो, तिथल्या कामात आपला वाटा किती आणि आपला शब्द किती, एवढंच आज बोलायचं आहे. तुमचं ठिकाण मंदिर असेल, विहार असेल, दर्गा असेल. माझं चर्च आहे, म्हणून मी चर्चचं सांगते.

सुरुवात एका आजींपासून करते. नाव सांगत नाही, आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो. आमच्या चर्चमध्ये डावीकडं बायका बसतात आणि उजवीकडं पुरुष. आक्कांची जागा ठरलेली, खिडकीजवळच्या भिंतीला टेकून. पदराच्या गाठीत दानार्पणाची दोन-चार नाणी बांधलेली. गाण्याचं पुस्तक हातात नसायचं, कारण वाचता येत नव्हतं. पण सगळी भजनं तोंडपाठ.

एकदा गटाच्या बैठकीसाठी मी त्यांच्या वस्तीवर गेले होते. बैठक संपली तशी एक वहिनी म्हणाल्या, "ताई, तुमच्या त्या आक्का पडल्यात की. कंबरेला मार बसलाय. महिना-दीड महिना झाला, अंथरुणातच आहेत."

मी तशीच त्यांच्या घरी गेले. त्यांनी मला ओळखलं, जवळ बसवून घेतलं. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अगं, पहिले दोन-तीन रविवार दाराकडं बघत होते, कुणीतरी येईल म्हणून. मग म्हटलं, आता नाताळालाच आठवण व्हायची."

घरी येताना मी बोटांवर मोजलं. सात रविवार. सात रविवार ती खिडकीजवळची जागा रिकामी होती, आणि आम्ही सगळ्यांनी तिच्यासमोर बसून भजनं म्हटली, प्रार्थना केली, "आमेन" म्हणून घरी आलो. त्यात मीही होते.

मैत्रिणींनो, मला जास्त कशाचं लागलं ते सांगते. गटात एखादी बाई लागोपाठ दोन बैठकांना आली नाही तर आपण काय करतो? अध्यक्ष आणि सचिव तिच्या घरी जातात. आजारी आहे का, घरात भांडण झालंय का, हप्ता थकलाय म्हणून तोंड चुकवतीये का, ते विचारतात. हे मीच गावोगाव शिकवत फिरते. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब ही पंचसूत्री मला झोपेत विचारली तरी सांगता येईल. आणि तीच मी, रविवारी मागच्या सतरंजीवर पाहुण्यासारखी बसून घरी येत होते.

आपल्या मराठी चर्चमध्ये एक सुंदर शब्द आहे, मंडळी. अमुक गावची मंडळी म्हणजे तिथले सगळे विश्वासी लोक. इमारतीला आपण चर्च म्हणतो, देऊळ म्हणतो, पण माणसांना मंडळी. हा घरातलाच शब्द आहे. घरची मंडळी, पाहुणेमंडळी असं आपण म्हणतोच ना? पाहुण्यानं बसायचं, चहा घ्यायचा, निघायचं. घरच्या माणसानं मात्र कोण जेवलं नाही तेही बघायचं. आपण चर्चमध्ये पाहुणे आहोत की घरचे, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला.

आपल्या लोणंदला हे वेगळं समजावून सांगायला नको. माउलींची पालखी नीरास्नान करून आपल्या जिल्ह्यात येते आणि लोणंदला मुक्काम करते. त्या वेळी कुणी म्हणतं का, की सोहळा आळंदीचा आहे, आपण फक्त बघायला जाऊ? घरोघरी भाकरी थापल्या जातात, पाण्याची पिंपं भरली जातात, कुणी वारकऱ्यांचे पाय चेपतं. निमंत्रणाची वाट कुणी बघत नाही. असा आपलेपणा वर्षाच्या बावन्न रविवारी ठेवता आला तर?

आता कुणी म्हणेल, "ताई, आम्ही काय कमी करतो? झाडलोट आम्हीच करतो, नाताळचं जेवण आम्हीच रांधतो, भजनात आवाज आमचाच." अगदी खरं आहे. पण कमिटीत किती बायका आहेत? वार्षिक सभेत तोंड किती जणी उघडतात? दानार्पणाचे पैसे किती जमले आणि कुठं गेले, हे आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे? हात आपले आणि शब्द दुसऱ्यांचा, असं बऱ्याच ठिकाणी चाललंय. आणि एक गोष्ट आपल्याच पदरात घालून घ्यायला हवी. ते आपल्यालाही सोयीचं झालंय. हिशेब चुकला तर बोल आपल्याला लागत नाही ना!

बायकांनी पुढं येणं ही चर्चमध्ये नवी टूम आहे असं काही जणांना वाटतं. तसं नाही. पवित्र शास्त्रात लुदिया नावाची बाई आहे. जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करायची, म्हणजे आपल्या भाषेत उद्योजिका. फिलिप्पै शहरात पौल आला तेव्हा तिनं आपलं घर उघडलं, आणि तिथल्या विश्वासी लोकांना ते घर हक्काचं झालं. यापो गावची टबीथा, तिलाच दुर्कस म्हणत, विधवांसाठी कपडे शिवायची. ती गेली तेव्हा त्या विधवांनी रडत रडत तिनं शिवलेले कपडे दाखवले. किंख्रिया इथली फीबी तिथल्या मंडळीची सेविका होती. रोमच्या लोकांना पत्र लिहिताना पौलानं तिचा मानानं उल्लेख केलाय.

आपल्या मुलखातलंही बघा. सिंथिया फरार नावाची अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईला आली आणि पुढं अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या. आपल्या खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या लेकीनं, सावित्रीबाई फुल्यांनी, नगरला याच फरारबाईंकडं शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं असं त्यांच्या चरित्रांत सांगतात. सावित्रीबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत. पण एका बाईनं दुसरीला शिकवलं, आणि दुसरीनं हजारोंना वाट दाखवली.

दौंडजवळच्या केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून सगळं बायबल मराठीत आणलं. १९२२ साली त्या वारल्या, त्याच्या थोडंच आधी ते काम त्यांनी पुरं केलं. त्यासाठी शिशाचे खिळे जुळवण्याचं आणि छपाईचं काम मुक्तीतल्या बायका-मुलींनी केलं. दुष्काळातून, वैधव्यातून आलेल्या त्या बाया. ज्यांना दारात उभं करत नव्हते, त्यांनी ग्रंथ छापला!

आणि आपल्या साताऱ्याशी नातं असलेले नारायण वामन टिळक. त्यांनी १९१७ साली साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यांची भजनं आपण आजही म्हणतो. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई लग्नानंतर लिहा-वाचायला शिकल्या, आणि त्यांनीच पुढं ‘स्मृतिचित्रे’ लिहिलं. टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ही त्यांनीच पुरं केलं. तेव्हा "मला काय येतंय" असं म्हणायच्या आधी लक्ष्मीबाईंना आठवा.

आता आमच्याकडं पुढं काय झालं ते सांगते.

पहिलं काम अगदी साधं केलं. दोनशे पानी वही घेतली आणि सगळ्या घरांची नावं लिहिली. आमची मंडळी लहान, तीसेक घरं. उपासना संपल्यावर दोघी जणी दोन मिनिटांत खुणा करतात. हजेरी घेऊन कुणाला जाब विचारायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. लागोपाठ दोन रविवार कुणी दिसलं नाही तर त्या आठवड्यात दोघींनी जाऊन यायचं, एवढंच. जाताना उपदेश न्यायचा नाही. न्यायचं असेल तर डब्यात कालवण न्यायचं. पहिल्याच महिन्यात कळलं की एका घरातला कर्ता मुलगा शिरवळच्या कंपनीत लागलाय आणि त्याची पाळी रविवारी असते. एक सून बाळंतपणाला माहेरी गेलीय. एक कुटुंब मात्र रुसलंय, चार वर्षांपूर्वीच्या एका लग्नाच्या जेवणावरून. चार वर्षं! आम्ही गेलो, चहा झाला, रडून झालं. ते लोक आता येतात. दर रविवारी नाही, पण येतात.

दुसरं, वाचन. पाळकसाहेबांकडं तीन-चार गावच्या मंडळ्या आहेत, त्यामुळं दर रविवारी ते येऊ शकत नाहीत. ते आले नाहीत की शास्त्रपाठ तेच दोघे-तिघे वाचणार. आम्ही बायकांची पाळी लावली. एक काकू म्हणाल्या, "मी सातवी. अडखळले तर लोक हसतील." म्हणून बुधवारीच पाठ कोणता ते सांगायचं ठरवलं. काकूंनी तीन दिवस लेकीसमोर वाचून काढलं. रविवारी उभ्या राहिल्या आणि नेमकं नबुखद्नेस्सर राजाचं नाव आलं! एकदा अडखळल्या, दोनदा अडखळल्या, मग स्वतःच हसल्या आणि म्हणाल्या, "ह्या राजाच्या आईनं हाक कशी मारली असंल?" सगळं चर्च हसलं. मग त्यांनी पुढचा पाठ खणखणीत वाचला. त्याच काकू आता आमच्या गटाच्या बैठकीत मागील इतिवृत्त वाचतात.

तिसरं, प्रार्थनासभा. इथं आमचं चुकलं, तेही सांगते. बायकांची प्रार्थनासभा आम्ही बुधवारी संध्याकाळी सातला ठेवली. आल्या किती? मी आणि जिच्या घरी होती ती. धारा काढायची वेळ, भाकरी टाकायची वेळ, तेव्हा कोण येणार? आम्ही आधी बायकांना विचारलंच नव्हतं. मग दुपारी दोनची वेळ केली. कांदा काढणीच्या दिवसांत तीही जमेना, तेव्हा वस्तीवरच, जेवणाच्या सुट्टीत, बांधावर वीस मिनिटं बसलो. कांदा कापणाऱ्या इतर बायकाही शेजारी बसून भाकरी खात होत्या. कुणाला त्रास झाला नाही. वेळ ठरवताना जिला यायचंय तिला आधी विचारा, हा धडा आम्ही असा घेतला.

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी स्त्रियांचा जागतिक प्रार्थना दिन असतो. दर वर्षी एका देशातल्या बायका त्या दिवसाची उपासना तयार करतात आणि जगभरच्या बायका तीच उपासना आपापल्या भाषेत करतात. आपण लहान गावात बसून त्या धाग्यात ओवल्या जातो. ज्या मंडळीत हा दिवस पाळत नाहीत, तिथं बायकांच्या कामाला सुरुवात करायला याच्यासारखं निमित्त नाही.

चौथी गोष्ट पैशाची. ती जरा नीट ऐका.

सुगीच्या सणाला आपण पहिलं पीक चर्चमध्ये आणतो. ज्वारी, बाजरी, कांदे, अंडी, एखादी कोंबडी. उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. दोन रुपयांचं लिंबू पन्नासला जातं आणि सगळे टाळ्या वाजवतात. ते पैसे वहीत लिहिले जातात. पण नाताळच्या जेवणाला बायकांनी घरून आणलेलं तेल, पीठ, मसाला, गॅस, सरपण? ते कुठंच लिहिलेलं नसतं. गेल्या नाताळात मी सगळ्यांना विचारून ते लिहून काढलं. बाजारभावानं बेरीज केली. त्या महिन्यात पाकिटांतून आलेल्या दानार्पणापेक्षा ती जास्त भरली. हे मी कुणाला खाली बघायला लावायला लिहिलं नव्हतं. पण जे लिहिलं जात नाही ते दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याला सभेत शब्द मिळत नाही. गटाची वही लिहिताना आपण हेच शिकलो ना?

मिझोराममधल्या बायकांची एक रीत मला फार आवडते. तिथं १९१० सालापासून ख्रिस्ती बायका रोज स्वयंपाक करताना मूठभर तांदूळ बाजूला काढतात. ते तांदूळ गोळा करून विकतात आणि पैसा चर्चच्या कामाला जातो. ज्या घरात रोख रुपया नसतो, त्या घरातूनही मूठभर तांदूळ निघतो. येशूनं मंदिरात पैसे टाकणाऱ्यांकडं बघितलं तेव्हा त्याच्या नजरेत एका गरीब विधवेचीच दोन नाणी भरली होती. आपल्याकडं ज्वारीची मूठ निघू शकते. आम्ही सहा घरांत सुरू केलंय. ते धान्य विकलं नाही. आक्कांसारख्या एकट्या राहणाऱ्या दोन घरांना दिलं.

पण एक इशारा. गटाचा पैसा आणि चर्चचा पैसा कधीही एकत्र करू नका. चार दिवसांसाठी सुद्धा नाही, कितीही अडचण असली तरी नाही. दोन वह्या, दोन खाती. चर्चच्या पैशाला दोघांच्या सह्या, खर्चाची पावती, आणि हिशेब सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचा. प्रामाणिक माणसाला यात काही लागायचं कारण नाही. उलट त्याच्यावरचा संशयच दूर होतो.

शेवटची गोष्ट सभेची. यंदाच्या वार्षिक सभेत मी उभी राहिले. पाय कापत होते, खोटं कशाला सांगू? पन्नास बायकांच्या मेळाव्यात मी माईक हातात घेऊन बोलते, पण इथं समोर सासरे होते, दीर होते, लहानपणापासून ओळखणारे काका होते. मी विचारलं, "सुगीच्या लिलावाचा हिशेब वाचून दाखवाल का?" एक वडीलधारे म्हणाले, "बायकांनी स्वयंपाकाचं बघावं." क्षणभर सगळं गप्प. मला राग आला होता. पण माझ्या आधी आमच्या त्या पाठ वाचणाऱ्या काकू बसल्या जागेवरून बोलल्या, "दादा, स्वयंपाकाचंच विचारतोय. त्याला पैसे किती लागले ते आम्हाला कळू द्या." लोक हसले, तेही हसले, आणि हिशेब वाचला गेला. त्यात काहीच लपवलेलं नव्हतं. कुणी विचारत नव्हतं म्हणून कुणी वाचत नव्हतं, एवढंच.

पुढच्या निवडीला दोघी बायकांची नावं द्यायची आम्ही ठरवलंय. निवडून येतील की नाही ते माहीत नाही. आल्या तर काम करतील. नाही आल्या तर वही आणि डबा घेऊन घरोघर जाणं कुठं थांबतंय?

दोन गोष्टी मात्र जपा. एक, सगळं ओझं त्याच तिघींवर पडू देऊ नका. मार्था पाहुणचार करून करून दमली आणि चिडली, ती गोष्ट आपल्याला माहीत आहे. बाई आधीच घर आणि रान अशा दोन पाळ्या करते. चर्चचं काम तिसरी पाळी व्हायला नको. यंदा ईस्टरच्या नाष्ट्याची भांडी आमच्या तरुण पोरांनी घासली. घासली बरी की वाईट, ते विचारू नका, पण घासली! दुसरी गोष्ट, पाळकसाहेबांना आणि कमिटीला बाजूला सारून काही करू नका. आधी त्यांना सांगा, त्यांना बरोबर घ्या. आमच्या पाळकसाहेबांना वहीचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ताई, हे काम मला एकट्याला झेपत नव्हतं, आणि कुणाला सांगताही येत नव्हतं."

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात एकच काम करा. तुमच्या चर्चमध्ये, मंदिरात, विहारात, जिथं जाता तिथं, डोळे मिटायच्या आधी एकदा आजूबाजूला बघा. कोणाची जागा रिकामी आहे? ती जागा कुणाची ते आठवा आणि तिच्या घरी जाऊन या. पुढच्या गटाच्या बैठकीत कर्जाचा विषय संपला की दहा मिनिटं यावर बोला, आणि काय घडलं ते आम्हाला कळवा.

आक्का आता काठी घेऊन चालतात. चर्चपर्यंत यायला त्यांना अजून जमत नाही. म्हणून महिन्यातून एका रविवारी दुपारी आम्हीच त्यांच्या अंगणात जमतो. भजन त्याच सुरू करतात. पुस्तक अजूनही हातात नसतं, आणि आम्ही पुस्तक बघून म्हणणाऱ्याच मध्ये चुकतो.

तुम्ही सगळ्या सुखी राहा.